पुण्याहून नागपुरात आलोय, लेकरांचं वर्षभराचं कसं जमवू?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मार्चअखेरीस नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून नागपुरात आलो. मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर, अगदी गच्चीखालचं भाड्याचं घर मिळालंय. मुलगी साडेचार वर्षांची आहे, यंदा मोठ्या केजीत जाईल. मुलगा दहा महिन्यांचा. अजून एप्रिलच चालू आहे, तरी रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या असतात. घरमालकीण काकू म्हणतात कूलर लावा, नवरा म्हणतो हप्त्यावर एसी घेऊ. मुलीला रोज पाच वाजता बागेत नेते, तर ती लालबुंद होऊन येते आणि जेवत नाही. बाळाच्या मानेवर घामोळं आलंय. जो भेटेल तो 'मे बघा अजून, मग पाऊस बघा, मग थंडी बघा' असं सांगून घाबरवतो. वर्षभरासाठी काय काय घेऊन ठेवू, त्याची यादी द्याल का? आणि आईला मदतीला कोणत्या महिन्यात बोलवू?

उत्तर:

ताई, यादी देतो, पण ती लहानच निघेल. नागपुरात लेकरांसाठी विकत घ्यायचं थोडं असतं, वेळा बदलायच्या असतात त्या मात्र बऱ्याच. तुमच्या घरात अजून पुण्याचं घड्याळ चालू आहे. नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच रेखांशांवर आहे, म्हणजे इथं सूर्य पुण्यापेक्षा सुमारे २० मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मे संपता संपता साडेपाचलाच सूर्य वर आलेला असतो. सात वाजता मुलीला उठवलंत तर दिवसातला बाहेर खेळण्याजोगा वेळ झोपेतच गेला म्हणून समजा.

संध्याकाळी पाचची बाग आजपासून बंद करा. दिवसाचं कमाल तापमान इथं तीन-चारच्या सुमाराला नोंदलं जातं, त्यामुळे पाच वाजता हवा फार तर दोन अंशांनी उतरलेली असते. जमीन, सिमेंटचे बाक आणि लोखंडी घसरगुंडी तर उतरलेली नसतेच. घसरगुंडीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पोरीची मांडीही तिथं टेकणार नाही. मुलगी लाल होऊन येते आणि जेवत नाही ती यामुळेच. तापलेल्या अंगाला भूक लागत नाही.

मे महिन्यासाठी दिवस असा लावून बघा. साडेपाचला उठवणं, सहा ते सव्वासात बाग. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी कुठंही जा, सकाळी सगळीकडे सावली असते. आठला पोटभर नाश्ता, आणि दिवसातलं मुख्य खाणं हेच धरा: थालीपीठ, अंडं, भाजी-पोळी, जे ती नीट खाते ते. बाराला हलकं काही, म्हणजे दहीभात, ताकात कुस्करलेली भाकरी नाहीतर ज्वारीची आंबील. एक ते चार अंधाऱ्या खोलीत झोप. झोप येत नसेल तर निदान लोळणं. चारला गार पाण्याची अंघोळ, सातला पुन्हा बाहेर, आठला जेवण. रात्री झोपायला साडेनऊ होतात म्हणून जीव खाऊ नका, दुपारी दोन तास झोपलेलं लेकरू त्याआधी झोपणार नाही. घरात कोंडून चिडचिड वाढली तर दुपारऐवजी सकाळी अकराच्या आत रमण विज्ञान केंद्र किंवा मेट्रोची एखादी फेरी करून या. सीताबर्डीला गाडी बदलायची एवढं जरी सांगितलं तरी या वयाच्या मुलांना ती सहलच वाटते.

आता कूलर की एसी. काकूंचं बरोबर आहे आणि नवऱ्याचंही, फक्त दोघांचे महिने वेगळे आहेत. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका तो जास्त गारवा देतो. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर असते. तेव्हा ४५ अंशांची झळ ओल्या गवतातून आत येईपर्यंत २९-३० अंशांवर उतरते. मृगाचे ढग जमले, आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर गेली की तोच कूलर घर नुसतं चिकचिकीत करतो. नवीन माणूस इथंच फसतो, मेमध्ये कूलरवर खूश आणि जूनमध्ये 'कूलर बिघडला' म्हणून मेकॅनिकला फोन. बिघडलेलं काही नसतं. पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

पहिल्या वर्षी तुम्ही कूलरच घ्या. एसीचा विचार पुढच्या वर्षी करा, कारण गच्चीखालच्या घरात आधी छताचा बंदोबस्त केला नाही तर एसी रात्रभर धापा टाकत राहतो आणि बिलही तसंच येतं. मालकीणबाईंना विचारून गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. चुन्यात थोडं फेविकॉल घातलं की तो पायाला लागत नाही आणि हंगामभर टिकतो. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. नाहीतर बाजारात तयार कूल रूफ रंग मिळतो, तो महाग पण जास्त टिकाऊ. गच्चीवर पाणी मारायचं असेल तर सूर्य मावळल्यावर मारा. चार वाजता मारलेलं पाणी पाच मिनिटांत उडून जातं आणि टाकी तेवढी रिकामी होते.

रात्री अकरापर्यंत भिंती गरम का, याचं कारण स्लॅबमध्ये आहे. दुपारी तीनला वरून शोषलेली उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात, म्हणून बाहेर हवा उतरायला लागलेली असताना तुमच्या खोलीचं छत सगळ्यात तापलेलं असतं. लेकरं साडेनऊला झोपवायची तर त्या खोलीतला कूलर आठलाच चालू करा. बाळाचा पाळणा छताला भिडलेल्या पश्चिमेच्या भिंतीपासून लांब घ्या.

कूलर लावण्यात दोन चुका घरोघर दिसतात. पहिली, तो खोलीच्या आत ठेवणं. कूलरची पाठ बाहेर, कोरड्या हवेकडे हवी. खिडकीत किंवा बाल्कनीतून आत तोंड करून बसवा आणि समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ओल साचते आणि तासाभरात गारवा संपतो. 'उघडी खिडकी म्हणजे थंडी वाया' हा एसीचा नियम आहे, कूलरचा नाही. दुसरी चूक गवताची. वूडवूलचं गवत दर हंगामाला बदला, मागच्या वर्षीचं धुऊन वापरू नका. नागपूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते गवतावर पांढरे जमतात आणि मग पाणी सगळीकडे पसरण्याऐवजी एकाच धारेनं खाली येतं. हात लावून बघा, वरच्या कोपऱ्यात गवत कोरडं राहत असेल तर पाणी वाटणाऱ्या पट्टीतली भोकं काडीनं मोकळी करा. वाळ्याच्या पॅडला वास छान येतो, पण ते महाग पडतात आणि गारवा साध्या गवतापेक्षा फार जास्त देतात असं नाही. पाण्याची तयारी ठेवा. मोठा डेझर्ट कूलर भर उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो.

एक गोष्ट मात्र आजच करायची. लोखंडी कूलरच्या टाकीत पंप आणि पाणी शेजारी-शेजारी असतात. वायरचं आवरण कुठं सोललं असेल तर अख्खी बॉडी करंट मारते, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरं जातात. तीन पिनांचा प्लग, चालू असलेलं अर्थिंग आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) या तिन्ही गोष्टी वायरमनला बोलावून तपासून घ्या. आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण दाबलं की वीज गेली पाहिजे, गेली नाही तर तो निकामी आहे. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. बाळ आता धरून उभं राहायला लागेल आणि त्याला सगळ्यात आधी हात टेकवायला कूलरच दिसेल, तेव्हा पुढं एखादं टेबल आडवं लावून ठेवा.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, ब्रशनं घासून, तासभर कोरडी ठेवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची पाळी. घासायचं अशासाठी की अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, काठाला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. रविवार ठरवून टाका.

बाळाचं बघू. दहा महिन्यांच्या मुलाला अंगावरचं दूध सुरू असेल तर उन्हाळ्यात तेच जास्त वेळा द्या. जेवणाबरोबर वाटीनं पाणी, दिवसाचं मिळून अर्धी-पाऊण वाटी ते दीड वाटी. चोवीस तासांत सहा तरी ओल्या लंगोट्या झाल्या पाहिजेत, पाण्याचा हिशेब वाटीपेक्षा तिथं नीट कळतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी द्यायचं नाही. तुमच्या शेजारपाजारी कुणाचं तान्हं असेल तर हे सांगा, कारण 'तहान लागते लेकराला' म्हणून पाजणारी एखादी आजी प्रत्येक इमारतीत असते. माठाचं पाणी चालतं. उकळून गार केलेलं पाणी माठात ओता, नळीचा माठ घ्या नाहीतर लांब दांड्याची पळी ठेवा. माठ वाईट नसतो, त्यात बुचकळलेला पेला वाईट असतो.

घामोळ्याला पावडर लावू नका. घामाची तोंडं बंद झाल्यानं घामोळं येतं आणि पावडर ती आणखी बुजवते, शिवाय उडालेली पावडर बाळाच्या छातीत जाते. दिवसातून दोनदा साध्या पाण्याची अंघोळ, मानेच्या घडीत मऊ कापडानं टिपून कोरडं करणं, मलमलचं बिनबाह्यांचं झबलं. तेलाचं मालिश जूनपर्यंत थांबवा. लंगोट दुपारी चार तास तरी मोकळी राहू द्या, खाली जुनं धोतर पसरा. घामोळ्यात पू दिसला किंवा ताप आला तर दवाखाना.

स्कूटरवर जाताना इथं सगळेच दुपट्टा गुंडाळतात, मुलीलाही सुती दुपट्टा डोक्याला नि मानेला बांधा. बाळाला मात्र गुंडाळून, वर पदर टाकून उन्हातून नेऊ नका, आत हवा खेळत नाही आणि अंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. अकरा ते पाच बाळ घराबाहेर काढायचं कारणच नको. लसीची तारीख असेल तर सकाळी नऊची वेळ मागा. बंद गाडीत तर 'दोन मिनिटांत येते' म्हणूनही लेकरू ठेवायचं नाही. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं काकू सांगतील. ठेवा, नुकसान काही नाही, पण त्या भरवशावर बाहेर पडू नका.

ऊन लागलंय हे ओळखायचं असं: लेकरू सुस्त पडतं, सहा-आठ तास लघवी नाही, कातडी तापलेली, ओठ कोरडे, उलट्या. इथंपर्यंत असेल तर सावलीत आणून कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट ओआरएस द्या. ताप १०४ च्या वर, बरळणं, झटका किंवा हाक मारल्यावर ओ न देणं असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी मारणं, वारा घालणं सोडू नका. शुद्ध हरपलेल्या लेकराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. उन्हाच्या तापाला पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो, त्याची वाट बघण्यात वेळ जातो. नवतपा म्हणतात ते २५ मेपासूनचे नऊ दिवस लोकांच्या तोंडी असतात, पण पारा त्यांच्यासाठी थांबत नाही. २०१३ मध्ये २३ मे रोजीच इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते.

शाळेचं एक लक्षात ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर तरी उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्याच्या मैत्रिणींच्या फोटोंवर जाऊ नका, शाळेची तारीख शाळेकडूनच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, रिक्षावाल्याशी तेव्हाची वेळ आत्ताच बोलून ठेवा.

पाऊस इथं जूनच्या मध्यावर येतो. पहिली सर पडली की कूलरचं गवत काढून फेका, टाकी पुसून कोरडी करा आणि कूलर बाल्कनीतच राहणार असेल तर वर प्लास्टिक बांधा. हंगाम संपल्यावर तसाच सोडलेला कूलर पावसाचं पाणी धरतो, आणि जुलै-ऑगस्टचा डेंग्यू बहुतेक असल्याच ठिकाणी वाढतो. हा डास दिवसा चावतो. म्हणून मच्छरदाणी रात्रीइतकीच बाळाच्या दुपारच्या झोपेला लावा, हे बहुतेकांच्या डोक्यात नसतं. मुलीला शाळेत पूर्ण बाह्यांचा गणवेश आणि पायमोजे.

पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नका, पण घाबरून औषधांवर औषधंही आणू नका. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास. गोंधळ होतो तो बाटलीत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २४० किंवा २५०. मुलीचं सिरप समजून बाळाचे थेंब पाच मिलिलिटर पाजले तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. दोघांच्या बाटल्यांवर जाड पेनानं नाव, वजन आणि मिलिलिटर लिहा, डोस डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नका. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असतानाच बिघडतं. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, सुस्ती यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

इथं आणखी एक ताप असतो, जो पुण्यात तुम्हाला फारसा ऐकू आला नसेल. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली होती. वाढलेल्या गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर मुलीला गुडघाभर गवतात खेळू देऊ नका, आणि पाच दिवसांवर ताप राहिला तर काख, जांघ, कानामागं, बेंबीभोवती काळी खपली आहे का ते कपडे काढून बघा. दुखत नसते म्हणून मूल सांगत नाही. दिसली की डॉक्टरांना दाखवा, औषध साधं असतं आणि लवकर दिलं तर लागू पडतं.

जुलाबाचं थोडक्यात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, उकळून गार केलेल्या. 'थोडंसं' म्हणून चतुर्थांश पूड पेल्यात कालवणं धोक्याचं, मीठ जास्त होतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलि चमच्यानं, मुलीला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. झिंक दोघांनाही दिवसाला २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. दूध, भात, वरण बंद करू नका.

गणवेश वाळत नाही ही पावसाळ्याची खरी कटकट. तीन जोड शिवा. बूट दोन जोड, आज भिजलेल्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली, उद्या दुसरे. ओलसर कपड्यावर इस्त्री फिरवून घालू नका, तासाभर पुन्हा हवेत ठेवा, नाहीतर जांघेत नायटा येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा लेकरांचा सण तुमच्या मुलीला पहिल्या वर्षीच आवडून जाईल. लाकडी नंदी घ्या, चाकांचा, जरा रुंद बैठकीचा. उंच आणि अरुंद नंदी दोरीनं ओढला की दर पावलाला कलंडतो आणि लेकरू रडतं. दोरी तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून ओढता येईल इतपत लांब बांधा. रंग नखानं खरवडून बघा, पूड निघत असेल तर तो नंदी बाळाच्या हाती लागू देऊ नका. सजावटीला मणी-टिकल्यांऐवजी गोंडे नि कापडी झूल, कारण तोवर बाळ सव्वा वर्षाचं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालणारं असेल. मुलं नंदी घेऊन घरोघर जातात आणि बोजारा मिळतो, म्हणून सुट्टे पैसे आणि खाऊ तुमच्याही दारात तयार ठेवा. त्याच दिवशी महाल-इतवारीकडून मारबती, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या मिरवणुका, निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बघायच्या तर मुलीला बापाच्या खांद्यावर, सकाळी लवकर आणि कुणाच्या तरी ओळखीच्या घरच्या गॅलरीतून. बाळाला घेऊन त्या गर्दीत शिरण्यात शहाणपण नाही.

ऑक्टोबरात ऊन परत येतं, दुपारी पंखा आणि पहाटे चादर. याच दिवसांत सर्दी-खोकला घरात मुक्कामाला येतो. खोकल्याच्या औषधाच्या बाबतीत कडक राहा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा भागातली लेकरं दूषित सिरपमुळे मूत्रपिंड निकामी होऊन गेली, त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपुरातच आणलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारनंही तेव्हा कळवलं होतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध जास्त वेळा, आणि वर्ष उलटल्यावर अर्धा चमचा मध. वर्षाच्या आत मध नको. श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तर मात्र घरी थांबायचं नाही. फ्लूची लस पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी, बाळाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून डॉक्टरांना याच महिन्यात विचारा.

दिवाळीत फुलझडीची विझलेली तार अनवाणी पायाखाली येते आणि फटाक्यांपेक्षा तीच जास्त भाजते. पाण्याची बादली शेजारी, तार त्यातच टाकायची, मुलीच्या पायात बूट. भाजलंच तर नळाच्या धारेखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

थंडीला तुम्ही घाबरू नका, वर्षातले सगळ्यात चांगले महिने तेच. फक्त पहाट आणि दुपार यांत पंधरा-अठरा अंशांचा फरक पडतो, त्यामुळे एक जाड स्वेटर निरुपयोगी. तीन पातळ थर घाला आणि अकराला दोन उतरवा. मानेमागं हात घालून बघा: घाम असेल तर थर जास्त झाले. थंडीची लाट आली की पारा ८ अंशांखाली जातो, २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ वर गेला होता. अशा वेळी मालिश-अंघोळ सकाळी सातची अकरावर न्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नाही, आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो बाहेर बसवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, लहानग्याला तो मोठ्यांच्या आधी बाधतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

संत्र्यानं सर्दी होते असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. फोडीचं पांढरं साल आणि बिया काढून गर द्या, फोड सबंध देऊ नका.

संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस स्कूटरवर मुलगी पुढं उभी नको. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो उडतोच, आणि पुढं उभ्या लेकराचा गळा नेमका त्या उंचीवर येतो. मागं बसवा, मानेला मफलर, उड्डाणपुलावर वेग कमी. बोरन्हाण करणार असाल तर बाळावर बोरं, शेंगदाणे, हलवा ओतू नका, चुरमुरे आणि बत्तासे पुरेत, आणि खाली पडलेलं लगेच झाडून घ्या. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे बोर या गोष्टी चार-पाच वर्षांखालच्या घशात अडकतात.

तर तुमची यादी: कूलर आणि नवं गवत, चुना-फेविकॉल, आरसीसीबी, दोन मच्छरदाण्या, नळीचा माठ, थर्मामीटर, ओआरएसची सहा पाकिटं, गणवेशाचा तिसरा जोड. जवळचा बालरोगतज्ज्ञ आत्ता, कुणी आजारी नसताना, एकदा भेटून ठरवा. रात्री-अपरात्रीसाठी मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स यांतलं तुमच्या घरून कुठं लवकर पोचता येतं ते रिक्षानं एकदा जाऊन बघा.

आईंना मेमध्ये बोलवू नका. मदतीला म्हणून येतील आणि त्यांनाच सांभाळावं लागेल. जुलैमध्ये, मुलीची शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवस आल्या तर तुमच्या सकाळी सुटतील. लांबचा मुक्काम मात्र दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आसपास पुणे-नागपूर गाड्यांची तिकिटं पहिल्याच सकाळी संपतात, तेव्हा तारीख दिवाळीनंतर आठवडाभरानं धरा आणि येतानाचं-जातानाचं दोन्ही आपापल्या दिवशी सकाळी आठलाच काढा.